वहिवाटबाई, जरा लवकर या

प्रति,
श्रीमती वहिवाटबाई यांस,
मुक्काम बांधावर, पोस्ट सातबारा, रकाना ‘इतर हक्क’.

विषय : आपल्या उशिरा येण्याबाबत.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

नावाआधी काय लावावं, इथेच पत्र अडलं होतं. ‘सौ.’ लिहावं, तर मालकाशी तुमचं रीतसर लग्न लागल्याचा दाखला कुठल्या दप्तरात नाही. ‘कु.’ लिहावं, तर सगळं घरदार तुमच्याच हातात. शेवटी कोर्टाच्या शिरस्त्याप्रमाणे ‘श्रीमती’ लिहून मोकळा झालो. राग नसावा.

इकडील क्षेम आहे. तुमची बातमी अशी, की गुजरातेत तुमचं अजून उत्तम चाललं आहे. तिकडे ‘वहीवट’ म्हणजे सरळ कारभार. बडोदे संस्थानात तालुक्याचा अधिकारी वहिवाटदार म्हणवला जाई, आपल्याकडच्या मामलेदाराच्या तोलाचा. आपल्याकडेही देवस्थानाचा, इनामाचा कारभार पाहणारा तो वहिवाटदार, असा तुमचा थाट होता. आता मात्र तुम्ही कचेरीतली गादी सोडून बांधावर येऊन बसलात. तालुक्याच्या कोर्टात तुमचं नाव निघतं ते बहुधा कुणीतरी कुणाच्यातरी वाटेत चर खणला की.

तुमची-माझी ओळख वकिलीच्या आधीची. आमचे अण्णा तहसील कचेरीसमोर दस्तलेखक होते. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशेजारी बसायचो आणि खरेदीखतं कानावर पडून पडून पाठ व्हायची. आधी चतुःसीमा, मग ‘झाडझाडोरा, दगडधोंडे, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’, आणि त्यानंतर ‘जाण्यायेण्याच्या पूर्वापार वहिवाटीसह’. निधी म्हणजे पुरलेलं धन. आमच्या भागातल्या जिराईत दीड एकरात कुणाला मोहरांचा हंडा सापडल्याचं ऐकिवात नाही. पण अण्णांनी तो शब्द कधी गाळला नाही. लिहून घेणारा कंटाळून म्हणायचा, ‘अण्णा, आटपा आता.’ अण्णा मान वर न करता म्हणायचे, ‘धन नाही निघालं तरी चालेल, वाट निघाली पाहिजे.’

त्याच दस्तात पुढे यायचं, ‘सदर मिळकत आज रोजी तुमचे कब्जेवहिवाटीत दिली असे.’ कब्जा आणि वहिवाट असे दोन शब्द कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, ‘कुलूप लावलं की कब्जा होतो. वहिवाट व्हायला त्या जमिनीत राबावं लागतं.’ कुणी शेणखत टाकलं, कुणी बांध घातला, पाणी कुणी दिलं, कणसं कुणी मोडली, बाभळीचा पाला कुणाच्या शेरडांनी खाल्ला, हे सगळं मिळून तुम्ही होता. मालकी कागदावर सही करून एका दुपारी बदलते. तुम्हाला पावसाळे लागतात.

म्हणून तर आमच्याकडच्या निम्म्या वाटण्या तुमच्याच भरवशावर चालल्या. थोरल्याला विहिरीकडचं, धाकट्याला माळाकडचं, असं वडिलांनी ओसरीवर बसून सांगितलं आणि तिघाचौघांनी ऐकलं. सातबारा सामाईकच राहिला. तुम्ही मात्र वेगळ्या झालात. कोकणात तर तुमची कमाल. जमीन एका घराची आणि तिच्यातल्या फणसाची वहिवाट दुसऱ्या घराची. फणस उतरवायला माणूस गडगा ओलांडून येतो आणि जमीनवालाच त्याला पाणी विचारतो. हे सगळं कागदाशिवाय पिढ्यान् पिढ्या चाललं, याबद्दल तुमचे मनापासून आभार. सरकारी दप्तराला हे जमलं नसतं.

आता गाऱ्हाणं.

बाई, तुमच्या आकड्यांनी लोकांची डोकी फिरवली आहेत. माझ्या खुर्चीसमोर बसणारा पहिलंच वाक्य बोलतो, ‘साहेब, बारा वर्षं झाली, आता जमीन आपलीच ना?’ कुठून कोण जाणे, हे बारा वर्षांचं वारं गावोगाव सुटलं आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षं आहेत हे खरं. पण ती मालकाच्या विरोधात, उघडपणे, त्याचा हक्क नाकारून काढलेली बारा वर्षं. भाडेकरूची, राखणदाराची आणि सालगड्याची वर्षं त्यात धरत नाहीत. भावाची तर नाहीतच. धाकटा गावी कसतो आणि थोरला गिरणीत जातो, तेव्हा धाकट्याची वहिवाट ही कायद्याच्या नजरेत थोरल्याच्याही वतीची असते. तीस वर्षांनी थोरल्याचा मुलगा डोंबिवलीहून येऊन हिस्सा मागतो, तेव्हा धाकट्याला वाटतं की कोर्टानं आपला घात केला. सरकारी जमिनीवर हक्क सांगायचा तर बाराचे तीस होतात. हे तुम्ही कधी कुणाच्या कानात सांगितलं नाहीत.

वाटेचा हिशेब आणखी वेगळा. तो १८८२ च्या कायद्यात आहे. त्याला सरकारी मराठीत सुविधाधिकाराचा कायदा म्हणतात. पक्षकार मात्र ‘वहिवाटीचा हक्क’ असंच म्हणतो आणि न्यायाधीशांनाही तेच चटकन कळतं. मुंबई इलाख्याला हा कायदा १८९१ मध्ये लागू झाला. त्यात वाटेसाठी वीस वर्षं सांगितली आहेत. तीही दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत येऊन पोचलेली हवीत. पणजोबा त्या वाटेनं पालखी नेत, हे ऐकायला छान. पण नातवानं दहा वर्षं तिकडे पाऊल टाकलं नसेल, तर ती वीस वर्षं कोर्टात चालत नाहीत. आणि वाट अडवली की मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जायला मुदत फक्त सहा महिने. आमचा माणूस हे सहा महिने भावकीची बैठक बसवण्यात, मामाला मध्यस्थी घालण्यात आणि ‘दिवाळीला सगळे आले की बोलू’ म्हणण्यात घालवतो. मग सातव्या महिन्यात माझ्याकडे येतो आणि म्हणतो, ‘वहिवाट शंभर वर्षांची आहे, घाई काय?’

हेही एक वेळ सोडून देतो. माझं खरं दुखणं निराळं आहे.

एका दाव्यात वाट मागणाऱ्यांच्या बाजूनं एक म्हाताऱ्या बाई साक्षीला आल्या होत्या. मी माझ्या कामाचा पुकारा व्हायची वाट पाहत मागे बसलो होतो. बाईंचं सगळं आयुष्य त्या वाटेनं भाकरीची पाटी नेण्यात गेलेलं. सरतपास झकास झाला. उलटतपासाला समोरचे वकील उठले आणि अगदी लेकाच्या मायेनं विचारलं, ‘आजी, प्रतिवादींचे आजोबा स्वभावाला कसे होते?’

‘लई भला माणूस. देवमाणूस.’

‘त्यांच्या रानातून जाताना तुमचे सासरे त्यांना विचारायचे का?’

‘मग? न इचारता कसं जानार? रामराम घालायचे, चाललो वं म्हनायचे. त्यांनी कधी न्हाई म्हनलं न्हाई.’

‘म्हणजे त्यांच्या परवानगीनं जात होता.’

‘व्हय की.’

वकीलसाहेब खाली बसले. टंकलेखकानं साक्षीच्या ठरलेल्या भाषेत उतरवून घेतलं : ‘हे म्हणणे खरे आहे की, आम्ही प्रतिवादीच्या आजोबांच्या परवानगीने जात-येत होतो.’ दाव्याचा कणा तिथेच मोडला. बाईंना काहीच कळलं नाही. उतरताना त्यांनी न्यायाधीशांना नमस्कार केला, समोरच्या वकिलांनाही केला.

कायदा म्हणतो, वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि ‘हक्क म्हणून’ गेलं पाहिजे. यातलं ‘हक्क म्हणून’ हेच आमच्या माणसाच्या तोंडी बसत नाही. परवानगीनं गेलेल्या वर्षांतून हक्क उगवत नाही. ती मेहेरबानी राहते, आणि मेहेरबानी देणाऱ्याला ती काढून घेता येते. त्या बाई ‘आमचीच वाट, इचारायचं काय?’ असं ताठ म्हणाल्या असत्या, तर निभावलं असतं. पण आमच्या गावात दुसऱ्याच्या रानातून जाताना ‘चाललो वं’ न म्हणणारा माणूस उद्धट समजतात. हक्क असो नसो, माणूस रामराम घालतोच. चार पिढ्यांचा तो शिष्टाचार कोर्टाच्या एका ओळीत परवानगी होऊन बसला. वहिवाटबाई, तुम्ही त्या वाटेवर रोज होता. तो रामराम मागण्याचा नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं. साक्षीला तुम्ही का उभ्या राहिला नाहीत?

दुसऱ्या बाजूचंही तसंच. शहरातून येऊन गावाकडे दोन एकर घेतलेला एक भला गृहस्थ मला विचारत होता, ‘शेजारच्या शेतकऱ्याला माझ्या बांधावरून जाऊ दिलं, तर उद्या तो हक्क सांगेल का?’ म्हटलं, जाऊ द्या, फक्त परवानगी दिली असं लेखी ठेवा. ती वर्षातून एकदा नव्यानं द्या. तुमची जमीन जाणार नाही आणि त्याची खेपही वाचेल. त्यानं मान डोलावली, घरी गेला आणि तारेचं कुंपण घातलं. त्याला तेच सोपं वाटलं. म्हणजे बघा, गप्प राहून जाऊ देणाऱ्याला तुमचा धाक, आणि हसून जाऊ देणाऱ्याच्या शेजाऱ्याला तुमचा उपयोग नाही. असं का ठेवलंत?

याचं उत्तर तुम्ही काय द्याल, हे मला साधारण माहीत आहे. तुम्ही म्हणाल, काटेकोरपणा नसता तर ज्यानं त्यानं माझं नाव घेऊन काय काय केलं असतं! आणि इथे मला गप्प बसावं लागतं, कारण महाडचं चवदार तळं आठवतं. नगरपालिकेनं १९२४ मध्ये ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह त्या पाण्यापाशी गेले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी त्यांच्यावर दावा लावला, की या तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे. रूढी, प्रघात, वहिवाट : सगळी तुमच्याच भावकीतली नावं. माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी तुम्हाला पुढे केलं गेलं होतं, बाई, आणि तुम्ही नाही म्हटलं नव्हतं.

कोर्टानं तिथेही तेच विचारलं : कधीपासून? कशावरून? पुरावा काय? महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट आणि शेवटी मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्ट, तिन्ही ठिकाणी वादींना ते जमलं नाही. अनादी काळाची रूढी सिद्ध झाली नाही, असा निकाल लागला. दहा वर्षं गेली, पण ‘पूर्वापार चालत आलंय’ एवढं म्हणून भागत नाही, हे महाराष्ट्राला लेखी कळलं. त्या म्हाताऱ्या बाईंच्या वेळी ज्या कोरडेपणाचा मला संताप आला, त्याच कोरडेपणानं तळ्याचा दावा हरवला. म्हणून पुरावा मागू नका, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं तो वेळेवर तयार करण्याबद्दल आहे.

कारण काळही बदलला आहे. तुम्ही पायवाटेच्या काळच्या. डोक्यावर पाटी, फार तर बैलगाडी. आता उसाला ट्रॉली लागते, गव्हाला हार्वेस्टर लागतो, आणि तोडलेला ऊस बांधावर वाळत पडला की वजन घटतं. कायदा म्हणतो, एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. आजोबा चालत गेले म्हणून नातवाला ट्रॅक्टर नेता येत नाही. त्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तहसीलदार गरज पाहून बांधाच्या कडेनं रस्ता देऊ शकतात. अडवलेली जुनी वाट मामलेदार कोर्टात, नवी हवी असलेली वाट १४३ खाली, हा फरक सांगण्यात माझी निम्मी सकाळ जाते. २०२१ मध्ये सरकारनं पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना काढली. पण खडी टाकायला रोजगार हमीचा पैसा मिळतो; दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांनी हातभर सरकायचं, ते कुठल्या योजनेत बसत नाही.

त्यातल्या त्यात जानेवारी २०२३ ची सलोखा योजना मला आवडली. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि असं निदान बारा वर्षं चाललेलं. तर दोघांनी मिळून अदलाबदलीचा दस्त करावा, मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार. गटांची सरमिसळ झालेल्या किती घरांचं भांडण दोन हजारांत मिटण्याजोगं होतं! त्यातही अट एकच जड : दोघांनी एका वेळी, एका टेबलाशी बसायचं. एवढं बोलणं उरलेलं असेल तर.

म्हणून आता विनंती. तुम्ही भांडणानंतर कागदावर येता, ते भांडणाआधी या. वाट अडवली गेल्यावर पंचनाम्यात, चाकांचे जुने ठसे आणि कापलेल्या बाभळीच्या खुंटांतून तुम्हाला शोधायची वेळ येऊ देऊ नका. नवा ट्रॅक्टर आला की शेजारी पेढे घेऊन येतो ना, त्या दिवशी या. लग्नाची पत्रिका द्यायला घरी जातात, त्या दिवशी या. एक साधा करार पुरे : वाट कुठून कुठे, किती फूट रुंद, पायी की गाडीनं, उभ्या पिकात कुठून वळायचं, खड्डे कुणी भरायचे. दोघांच्या सह्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ. मग त्या घरच्या सुनेला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, आपला सासरा विचारून जात होता की नुसता रामराम घालून, याचा निवाडा करावा लागणार नाही. तिला दोन्ही घरांबद्दल चांगलं बोलता येईल आणि त्यानं कुणाचं शेत बुडणार नाही.

लोक काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. मी सुचवलं की समोरचा दुखावतो. ‘आमच्यावर एवढा विश्वास नाही का?’ तुम्ही एवढं करा, तुमचा अधिकार मोठा आहे. त्याला सांगा, विश्वास आहे म्हणून तर आज सही मागतोय; नसता, तर तू ती दिलीच नसतीस. तुम्ही ज्याच्याशी बोलत आहात त्याचा नातू अजून शाळेत आहे. त्याला ना हे आजोबा आठवणार, ना त्यांचा चांगुलपणा. त्याच्या हाती फक्त कागद येणार आहे, आणि त्यावर काय लिहिलेलं असावं, हे ठरवायला आज दोन माणसं जिवंत आहेत.

मोठ्यांस नमस्कार, मालकीताईंना सांगणे की कधी बांधावरही येत जा. लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपला,
एक जुना ओळखीचा वकील

ता. क. : आमच्या सोसायटीत एक गृहस्थ जिन्याखाली स्कूटर लावतात आणि हल्ली ‘ही माझी वहिवाट आहे’ असं म्हणू लागले आहेत. माणूस गोड आहे, भांडायचं नाही. रविवारच्या सभेत सर्वांच्या सहीनं त्यांना स्कूटर लावण्याची प्रेमळ लेखी परवानगी द्यावी, असं मी सुचवलं आहे. ते फार खूश झाले. तुम्ही कृपया त्यांना काही समजावू नये.